इर्जिकीचं जेवण

आमच्या गावात एकोपा होता असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हैदराबादेत नोकरीला असलेला माझा पुतण्या सणावारी येतो, दुपारी झोपून उठतो, शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, एक चक्कर मारतो आणि परत येऊन मला सांगतो, "काका, तुमच्या काळी बरं होतं. सगळे एकमेकांच्या शेतात राबायचे." इर्जिकीबद्दल त्यानं कुठंतरी वाचलेलं असतं. मी इर्जिकीत नांगर धरलेला आहे. पण मी त्याला काही बोलत नाही, कारण बोलायला लागलो तर त्याच्या आजोबांचं आणि माझं वागणं सांगावं लागेल. ते इथं सांगतो.

आमचं गाव भैंसा आणि मुधोळच्या मध्ये, डांबरी रस्त्यापासून कोसभर आत. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, पटवाऱ्याच्या तोंडी निजामाच्या वेळचे उर्दू शब्द, आणि भैंशाच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. जमीन काळी, उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडणारी. पावसाळ्यात पांदणीतून चालायचं तर चपला हातात घ्याव्या लागायच्या. पूर्वेला निर्मळच्या बाजूला डोंगरांची निळी रेघ दिसायची आणि तिकडं सागाचं जंगल होतं. आमच्या वाट्याला बाभळी, पळस आणि एक नाला, तोही माघापर्यंतच वाहणारा. ज्वारी, कापूस, तूर हे सगळ्यांचं पीक. आम्ही माळी, त्यामुळे आमच्या विहिरीवर वांगी, मिरची, मेथीसुद्धा असायची. पौषात ज्वारी पोटरीतून बाहेर आली की सकाळी सगळं शिवार पांढरट हिरवं दिसायचं. ते सुंदर होतं, आजही आहे. माझं भांडण शिवाराशी नाही.

इर्जिकीचा कायदा सोपा होता. नांगरट मोठी असली आणि घरची एक जोडी पुरणार नसली की माणूस गावात फिरून सांगायचा, अमुक दिवशी माझ्याकडे इर्जिक आहे. त्या दिवशी ज्याच्याकडे बैल असतील तो बैल घेऊन यायचा. मजुरी नाही. वावराच्या मालकानं दुपारी वावरातच सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि पुढं त्यांच्याकडे इर्जिक निघाली की आपली जोडी घेऊन जायचं. सोमवार तेवढा सोडायचा, कारण सोमवार महादेवाचा, त्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

यातली खरी गोम जेवणात होती. जो जेवला तो इर्जिकीला आला. जो न जेवता गेला, त्यानं दिवसभर नांगर धरला तरी तो आलाच नाही असं धरायचे. त्याच्या इर्जिकीला जायची मग गरज नसायची. दोन सख्खे भाऊ धुऱ्यावरून बिनसले, तेव्हा धाकटा थोरल्याच्या वावरात दुपारपर्यंत राबला आणि जेवायच्या वेळी बैल सोडून घरी गेला. एक शब्द बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्यांचं तुटलं हे सगळ्या गावाला कळलं.

मला जवळचा म्हणावा असा एकच मित्र होता. त्याचं घर नाल्यापलीकडे, बौद्धवाड्यात. गावच्या मराठी शाळेत आम्ही एका पाटीवर शिकलो, पुढं मुधोळच्या शाळेत एका सायकलीवर गेलो. दहावीनंतर मी मळ्यात आलो आणि तो शिकत राहिला. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. त्यांच्या ओट्यावर तासन्‌तास बसायचो, पाणीसुद्धा प्यायचो, कुणी बघत नसलं तर. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय, कारण तेव्हा मला ते आठवायचंही नाही. स्वतःला मी फार मोठ्या मनाचा समजत होतो.

त्याचे आईवडील जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. मग सरकारनं त्यांना नाल्याकाठची तीन एकर पडीत जमीन पट्ट्यावर दिली. कागद तेलुगूत होता, तो माझ्या मित्रानं वाचून दाखवला. मृगाच्या आत जमीन वाहितीखाली आली नाही तर कब्जा परत जाईल, असंही कचेरीतल्या माणसानं तोंडी बजावलं होतं. ती जमीन कशी, तर वर बाभळीची खुंटं आणि खाली हातभर खोल मुळ्यांचं कुंदा गवत. एका जोडीच्या बापाच्यानं ती उलटली नसती. तिला चार जोड्यांचा मोठा लोखंडी नांगरच लागणार होता, आणि तो नांगर गावात आमच्याकडे होता.

मित्राचे वडील शहाणे होते. जमीन मिळणार अशी कुणकुण लागताच त्यांनी कर्ज काढून बैलजोडी घेतली आणि दोन उन्हाळे ती घेऊन ते गावातल्या प्रत्येक इर्जिकीला गेले. आमच्याही. जेवायच्या वेळी ते धुऱ्याच्या पलीकडे बसायचे, घरून आणलेल्या ताटात. वाढणारा वाकायचा नाही, वरूनच टाकायचा. पण ते जेवायचे, प्रत्येक ठिकाणी जेवले, म्हणून कायद्यानं सगळं गाव त्यांच्या वावरात यायला बांधलं गेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी गावात फिरून सांगितलं, "बुधवारी माह्याइथं इर्जिक हाय." कुणी नाही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची जोडी सगळ्यांनाच हवी होती.

मंगळवारी सकाळी आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली चार कर्ती माणसं बसली. काम करायचं हे ठरलेलंच होतं. अडचण जेवणाची होती, आणि त्यावर माझ्या वडिलांनी तोडगा काढला. मित्राच्या घरच्यांनी कोरडा शिधा द्यावा, म्हणजे पीठ, डाळ, वांगी, तेल वावरात आणून ठेवावं, आणि आपल्यातला एकजण गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजील. खाणंही होईल आणि बाटणंही टळेल. सगळ्यांना हे फार पटलं. वडील मला म्हणाले, "तूच जाय निरोप घेऊन. तुहं जाणंयेणं हाय तिथं."

मी गेलो. मावशी ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होती. मित्र आत पुस्तकं आवरत होता. मी निरोप जमेल तेवढा गोड करून सांगितला.

"मावशी, बाबा म्हणते, एवढ्या लोकाचं रांधायची तसदी घेऊ नका. कोरडा शिधा आणून ठेवा. आमच्यातलं कोणी लावील रोडगे."

तिनं सूप खाली ठेवलं. "कोणाची तसदी वाचवून राह्यले, बाबू?"

मी ओट्यावर सांडलेली डाळ वेचून सुपात टाकली.

"माह्या माणसानं दोन उन्हाळे तुमच्या वावरात नांगर धरला," ती म्हणाली. "तुह्या मायनं तवा कोरडा शिधा नाही देल्ला. तिनं रांधलं, त्यानं खाल्लं. आता माह्या वावरात माह्याच हातचं राहीन. ज्याले खायाचं नाही त्यानं येऊच नाही. मले राग नाही यायचा. आमी कुदळीनं खोदू. पण येऊन कोणी उपाशी जाऊ नाही. गावानं एक डाव माह्या वावरात बसून जेवावं, बस एवढंच हाय माहं. सांग तुह्या बाबाले. असंच्या असं सांग."

मी हो म्हटलं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं, "पाहून घेतो म्हणाल्या."

हे मी का केलं, याची उत्तरं मी चाळीस वर्षं तयार करतोय. खरा निरोप सांगितला असता तर एकही जोडी गेली नसती, जमीन नांगरली गेली नसती आणि मित्राच्या घरची जमीन गेली असती, हे एक उत्तर. ते चांगलं दिसतं, म्हणून बराच काळ मी तेच वापरलं. दुसरं असं की वडिलांसमोर तिची बाजू घेऊन उभं राहायची माझी छाती नव्हती. मी वीस वर्षांचा होतो, मिशी होती, चार जोड्यांचा नांगर एकट्यानं वळवायचो. लहान होतो म्हणून सुटायची सोय नाही.

बुधवारी दिवस उगवायच्या सुमारास मित्राच्या घरची धरून सात जोड्या नाल्याकाठी जमल्या. मोठ्या नांगराला चार जोडल्या, बाकीच्या बारक्या नांगरांना. मोठ्या नांगराचं रुमणं माझ्या हातात होतं. एवढी चांगली नांगरट मी आधी केली नव्हती आणि नंतरही नाही. फाळ कुंद्याच्या खाली जायचा आणि मुळ्यांसकट ढेकूळ उलथून यायचं, ओलसर, काळंभोर. नांगराचा प्रत्येक तास सुतासारखा सरळ जावा म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होतो. मित्र कुऱ्हाडीनं बाभळीची खुंटं काढत पुढं चालला होता. मधे एकदा त्यानं वळून पाहिलं आणि हसला. माणसं नाव न घेता एकमेकांची टिंगल करत होती, बैलांना शिव्या देत होती, सगळं नेहमीसारखं.

बांधावर पळसाखाली मावशीनं सकाळीच रोडगे भाजायला गोवऱ्यांचा आर पेटवला होता. नुकतीच लग्न होऊन आलेली सून, म्हणजे माझ्या मित्राची बायको, आणि आपली बहीण अशा दोघींना घेऊन ती पीठ मळत होती. सगळ्यांनी ते पाहिलं. शिधा येणार नाही हे पहिल्या तासाभरातच कळलं होतं. तेव्हाच कुणी बैल सोडले असते तर निदान प्रामाणिक तरी ठरला असता. पण कुणी थांबला नाही. सगळे खाली माना घालून नांगरत राहिले, दुपारचं दुपारी पाहू म्हणून.

दुपार झाली. बैल सोडले. रोडग्यांवरची राख झटकून मावशीनं ते परातीत रचले. वांग्याची भाजी होती, घट्ट वरण होतं, आणि कुठून आणलं कोण जाणे, तूप होतं. पळसाच्या सावलीत सतरंजी टाकलेली होती. पत्रावळी मांडून झाल्या. मित्राचे वडील डोक्याचा रुमाल काढून हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बसा."

मग एकेकाचं सुरू झालं. एकाचं पोट सकाळपासून बिघडलेलं होतं. एकाकडे सोयरे यायचे होते, त्यांच्यासोबत जेवायचं होतं. एकजण म्हणाला, "मले बांधून द्या, घरी नेऊन खातो," आणि ते घरी जाणार नाही हे त्याला आणि देणाऱ्यालाही ठाऊक होतं. माझे वडील तर बैलांना पाणी दाखवून आणतो म्हणून कासरा धरून नाल्यात उतरले आणि तिथंच बसून राहिले. नाला तर माघातच आटला होता.

राहिलो मी. मित्रानं एक पत्रावळ उचलून माझ्यासमोर ठेवली. त्याच्या आईनं रोडगा फोडला, आत तूप सोडलं. वाफ निघाली. पहाटे चहावर निघालेलो मी, सात तास नांगर धरलेला, मला सपाटून भूक लागली होती. मी नाल्याकडे पाहिलं. वडिलांचं डोकं आणि फेटा तेवढा दिसत होता, ते इकडं बघतही नव्हते. कुणी मला अडवलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. मला फक्त खाली बसायचं होतं.

मी म्हणालो, "माहा सोमवार हाय."

बुधवार होता. सोमवार असता तर तिथं एकही बैल नसता, हे त्या वावरातल्या बैलांनासुद्धा माहीत होतं. उपासाचं निमित्त सांगायचं तर एकादशी, चतुर्थी, काहीही सांगता आलं असतं. माझ्या तोंडून तेच निघालं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मावशीनं तुपाची वाटी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "मी तुह्याजोळ निरोप देल्ला होता. तू सांगितला का?"

मी पायातला काटा काढायला वाकलो. तेव्हा मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी जेवलो नाही याचं त्याला त्या क्षणी काही वाटलं नसावं, ते त्यानं कदाचित आधीच धरलं असेल. पण निरोपाचं त्याला आत्ता कळलं. त्यानं पत्रावळ उचलली आणि परत परातीशी नेऊन ठेवली.

मावशी उठली. परात कमरेवर घेतली आणि बैलांकडे गेली. रोडगा फोडायचा, फुंकर घालून निववायचा आणि बैलाच्या तोंडाशी धरायचा, असं तिनं चौदा बैलांना खाऊ घातलं, नाल्यात उतरून वडिलांसमोर आमच्याही दोघांना. कुणाची हिंमत झाली नाही नको म्हणायची. सगळे झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "झाली इर्जिक. ज्यायनं काम केलं ते जेवले."

माणसं म्हणाली, उरलेलं नांगरून टाकू, एक एकर राहिलं आहे, संध्याकाळपर्यंत होतं. मित्राच्या वडिलांनी डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाले, "नको. बस झालं." आवाज चढवला नाही. आम्ही जोड्या घेऊन पांदणीनं परत आलो. वाटेत एकजण म्हणाला की बाई फार ताठ आहे. माझे वडील हूं म्हणाले.

तो उरलेला एकर त्या घरानं कुदळींनी खोदला. आमच्या मळ्यातून दिसायचं. मावशी, तिचा नवरा, सून, आणि परीक्षेला बसणारा माझा मित्र, सगळे ओळीनं वाकलेले, वैशाखाच्या उन्हात. तीन आठवडे लागले त्यांना. मी रोज मिरचीला पाणी देताना बघायचो. हातात कुदळ घेऊन मधे फक्त दोन वावरं ओलांडायची होती. मी मिरचीला पाणी देत राहिलो.

मृगाच्या आधी धूळपेरणी झाली, जमीन राहिली. पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे इर्जिक निघाली तेव्हा मित्राचे वडील आले नाहीत. यायचं काही कारणच नव्हतं, आमच्यापैकी कुणीही त्यांच्या इर्जिकीला आलेलं नव्हतं. वडील एवढंच म्हणाले की यंदा एक जोडी कमी पडली. त्या दिवसाबद्दल ते आयुष्यात पुन्हा एकदाच बोलले, पार थकले तेव्हा. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "वास लय चांगला येऊन राह्यला होता रोडग्यायचा." मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो. बाहेर जाऊन कळलं की राग त्यांचा नव्हता.

मित्र शिक्षक झाला. आधी इचोड्याकडे होता, मग मुधोळला आला, तिथं घर बांधलं आणि आईला घेऊन गेला. वडील त्याचे तोवर गेले होते. बाजारात, बसमध्ये आमची गाठ पडायची. तो बोलायचा, नीट बोलायचा. पिकाचं विचारायचा, मुलांचं विचारायचा. माझ्याशी तो जसा बोलायचा तसा तो कंडक्टरशीही बोलायचा.

वय झाल्यावर माणसाला साफसफाई सुचते. मावशी फार म्हातारी झाली असं ऐकलं आणि मी ठरवलं की एकदा जायचं आणि तिच्या हातचं, तिच्या हातचं नाही तर तिच्या घरचं, जेवून यायचं. मित्राला फोन केला, रविवारी दुपारी येतो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ये की. जेवायला येतो असं मात्र मी म्हणालो नाही. मनात म्हटलं, दुपारी येतो म्हटल्यावर त्यात आलंच.

रविवारी निघालो. मुधोळची जलद बस आमच्या फाट्यावर थांबत नाही, म्हणून आधी उलट भैंशाला जाऊन बस बदलायची होती. मुधोळची बस लागायला अर्धा तास होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो, पुरीभाजी मागवली, ती खाल्ली, वर भजी खाल्ली, चहा घेतला. हे सगळं करताना माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं. लहानपणापासून नाल्यापलीकडे कुठंही जायचं तर घरून पोटभर खाऊन निघायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, सगळेच करायचे. बसमध्ये बसल्यावर ढेकर आला, तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

मावशी पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. बस म्हणाली. मित्र खुर्ची घेऊन आला. मावशीनं विचारलं, "जेवून आला का, बाबू?"

"हो," मी म्हणालो, "जेवूनच निघालो."

विचार करायच्या आत तोंडातून गेलं, आणि ते खरंही होतं. मग माझ्या लक्षात आलं, मी काय करून आलो ते. मी घाईघाईनं म्हणालो, "तसं थोडं चालंल, मावशी. तुमच्यातलेच दोन घास द्या."

मित्र जमिनीकडे बघत होता. आतून त्याची बायको चहाचे कप घेऊन आली. मावशीनं हातानं चाचपून माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, एवढंच मी सांगू शकतो.

"तुह्यापुरतं टाकलंच नाही रे," ती म्हणाली. "सून इचारत होती, टाकू का म्हणून. मीच म्हणलं, नको टाकू. तो जेवून येईन."